'पेटी गात होती' म्हणे!

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, की पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावावयाची चाल आपल्याकडे आहे. त्यानंतर मग चकल्या, करंज्या आणि लाडू. प्रस्तुत लेख म्हणजे या अंकातले कारीट समजावे. जिभेला लावावे, तोंड वाकडे करावे, आणि पुढच्या पानावरच्या कथेकडे वळावे. माझी तक्रार नाही. पण कारीट फोडल्याशिवाय फराळ नाही, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

माझे भांडण आहे संगीत-समीक्षकांशी, आणि तेही त्यांनी केलेल्या निंदेबद्दल नव्हे, स्तुतीबद्दल! निंदा करणाऱ्याशी सगळेच भांडतात. स्तुती करणाऱ्याशी भांडणारा माणूस कृतघ्न ठरतो. तो ठपका पत्करून लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात चिंचवडला एका सभागृहात एका तरुण वादकाचे पेटीचे एकल वादन झाले. पाठीमागे तंबोरा, बाजूला तबला आणि मध्ये पेटी. गायक नाही, सतार नाही, निवेदिकाही नाही. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारा. त्या दिवशी पहिली पाळी उरकून, घरी जाऊन, आंघोळ करून तो बैठकीवर येऊन बसला होता. पावणेदोन तास त्याने वाजविले. आधी जोग, मग कलावती, शेवटी एक नाट्यपद. माझे केस उगीच पांढरे झालेले नाहीत. वाजविणे म्हणजे काय, ते मला कळते. त्या दिवशी जे ऐकले ते अस्सल होते.

आठवड्याने एका वृत्तपत्रात परीक्षण आले. अर्धा स्तंभ! पेटीवाल्याला अर्धा स्तंभ म्हणजे सोन्याचे कडेच. आम्ही चारचौघांनी कात्रण काढले, पेढे आणले. परीक्षणातले सर्वांत गौरवाचे वाक्य असे होते, की वादकाच्या हाती पेटी 'अक्षरशः गात होती'. त्याच्या खाली, बोटे इतक्या वेगाने फिरत होती की ती दिसेनाशी झाली, असेही म्हटले होते. आणि शेवटी, या यंत्रनगरीत सुरांचा मळा फुलला, असा आशीर्वाद.

मुलाने ते कात्रण दोनदा वाचले. घडी करून खिशात ठेविले आणि मला विचारले, "काका, पेटी गात होती, हे ठीक. पण पेटी म्हणून ती कशी वाजत होती, हे कुठे लिहिले आहे?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर.

प्रथम हे कबूल करतो, की असली वाक्ये मीही लिहिली आहेत. आमच्या भजनी मंडळाच्या स्मरणिकेत एका वयोवृद्ध पेटीवाल्याबद्दल, 'यांची पेटी माणसासारखी बोलते', असे मी मोठ्या प्रेमाने लिहिले होते. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात मी एकट्या समीक्षकांना उभे करीत नाही. शेजारी मीही उभा आहे.

आता मुद्द्याकडे वळू. पेटीवर दोन आक्षेप फार जुने आहेत. पहिला, तिच्यात मींड निघत नाही. सतारीची तार ओढता येते, सारंगीवर नख घासत नेता येते, गळा तर वाटेल तसा वळतो. पण पेटीतील प्रत्येक पितळी रीड आपल्या एकाच स्वराला बांधलेली. षड्जावरून ऋषभावर जावयाचे तर उडी मारावी लागते, घसरत जाता येत नाही. दुसरा आक्षेप, तिचे स्वर सम-विभागणीचे. सप्तकाचे बाराशे भाग केले, तर तंबोऱ्याच्या तारेतून जो गांधार आपोआप उमटतो, तो तीनशे शहाऐंशीच्या आसपास पडतो. कारखान्यातून येणाऱ्या पेटीचा गांधार चारशेवर असतो. चौदा भागांचा फरक. ज्याने आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळला, त्याला हा फरक क्षुल्लक वाटणार नाही आणि ज्याचा कान तयार आहे, त्यालाही नाही.

हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. मी त्यांच्याशी हुज्जत घालीत नाही. पण त्यांतून काय निष्पन्न झाले पाहा. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास अलेक्झांद्र दबँ याने हे वाद्य सिद्ध केले. पायाने भाता चालवावयाचे ते वाद्य आपल्याकडे आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला बैठकीत मांडी घालून, एका हाताने भाता हलवून वाजविता येईल असे रूप दिले. मराठी रंगभूमीने या पेटीला आणि तिच्या थोरल्या बहिणीला, ऑर्गनला, पोटाशी धरले. भजनी मंडळांनी तिला देवळात नेले. आणि मग १९३८ साली दिल्ली रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लेख लिहिला. रेडिओचे नियंत्रक होते लायोनेल फील्डन. खुद्द रवींद्रनाथांनीही पेटीच्या विरोधात कौल दिला. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, बंदी राहिली. ती सैल झाली १९७१ साली, तीही साथीपुरती. एकतीस वर्षे! हिंदुस्थानच्या गावोगावच्या देवळांत, शाळांत, नाटकगृहांत जे वाद्य रोज वाजत होते, त्याला हिंदुस्थानच्या रेडिओवर मज्जाव.

मौज अशी, की परदेशी वाद्य म्हणून तिला बाहेर काढण्याच्या मोहिमेत एक इंग्रज संगीतकार आघाडीवर होता. आणि ज्यांच्या घरचे ते वाद्य, त्या युरोपात तिच्यासाठी रोसिनीने आपल्या १८६४ सालच्या 'पेतीत मेस'मध्ये दोन पियानोंच्या जोडीला जागा ठेविली होती, आणि द्वोर्झाकने १८७८ साली दोन व्हायोलिने, चेलो आणि हार्मोनियम यांच्यासाठी रचना केल्या होत्या. त्यांनी पेटीला 'गा' म्हणून दरडावले नाही. तिचा जो आवाज आहे, तो कुठे शोभेल याचा विचार केला.

आता वाचकांनी एक गोष्ट ताडून पाहावी. १९४० साली बंदी घालणाऱ्यांचे म्हणणे काय होते? पेटी गळ्यासारखी गाऊ शकत नाही, म्हणून ती वाईट. आणि आजचा समीक्षक काय म्हणतो? अमक्याची पेटी गळ्यासारखी गाते, म्हणून ती चांगली. शिवी आणि शाबासकी दोन्ही एकाच गजाने मोजलेल्या! गज गळ्याचा. त्या गजाने मोजल्यावर पेटी कायमची दोन बोटे कमीच भरणार. उत्तम वादक असला तर एक बोट. ज्याला आपण गौरव समजतो, तो वास्तविक जुन्या बंदीचाच गोड शब्दांतला उतारा आहे. एखाद्या सुनेला, 'तू अगदी आमच्या मुलीसारखी आहेस हो', असे आयुष्यभर म्हणत राहावे आणि ती सून म्हणून, बाई म्हणून, माणूस म्हणून कशी आहे, हे कधी पाहूच नये, तसे हे कौतुक.

कुणी म्हणेल, हा शब्दच्छल झाला. पियानोवाल्यांनाही गाण्याचा दाखला देतातच की! मान्य. शोपाँ आपल्या शिष्यांना इटालियन गायक ऐकावयास सांगत असे, हे प्रसिद्धच आहे. पियानोचा स्वर तर हातोडी पडल्याक्षणी मरू लागतो. पेटीचा निदान भाता आहे तोवर जगतो. पियानोतही मींड नाही. पियानोही सम-विभागणीचाच. म्हणजे आपल्या पेटीवरचे दोन्ही आरोप पियानोवर जसेच्या तसे लागू आहेत. पण शोपाँने जे सांगितले ते शिष्याला, साधना म्हणून. समीक्षकाने तिथेच मुक्काम ठोकला नाही. लिस्टने १८३९-४० च्या सुमारास रंगमंचावर एकट्यानेच पियानो घेऊन बसण्याचा पायंडा पाडला. त्याआधी गायक, व्हायोलिनवाले, वाद्यवृंद अशा मिसळीत पियानोचा एखादा तुकडा असे. श्रोत्यांना वेड लागल्यासारखे झाले. त्या वेडाला हाइन या कवीने १८४४ साली नावही ठेविले. पण त्या वेडाबरोबरच एक शहाणपणही वाढत गेले. बोटाचा स्पर्श कसा, पायाखालचे पेडल कुठे दाबले आणि कुठे सोडले, डावा हात उजव्याशी काय बोलतो, मंद्र स्वर किती भरीव, एकाच रचनेचा एकाने लावलेला अर्थ दुसऱ्याहून कसा निराळा, याचा एक शब्दकोशच तयार झाला. आजही मुंबईस एखादा परदेशी पियानोवादक येऊन गेला, की आपल्याच वृत्तपत्रांतून त्याच्या स्पर्शाबद्दल आणि पेडलबद्दल दोन परिच्छेद येतात. आणि आपल्या पेटीवाल्याबद्दल? 'गात होती.' संपले!

बरे, एकल वादनाची ही कथा. साथीची तर विचारूच नका. मैफलीच्या वृत्तांताचे शेवटचे वाक्य मी डोळे मिटून सांगतो: 'तबल्यावर अमुक व पेटीवर तमुक यांनी समर्पक साथ केली.' समर्पक! गेली कित्येक वर्षे हा शब्द वृत्तपत्रांच्या छापखान्यात खिळे जुळवून तयारच ठेविलेला असावा. पेटीवाला आजारी असता आणि त्याच्या जागी दुसराच कोणी बसला असता, तरी साथ समर्पकच झाली असती. तो अर्धा वेळ चुकला असता तरी समर्पक, आणि गायकाला पडता पडता त्याने सावरून धरले असते तरी समर्पक.

अहो, साथ म्हणजे काय, याचा कधी विचार तरी केला आहे काय? गायक आता कुठे जाणार आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते, आणि पेटीवाल्याने मात्र अर्ध्या मात्रेच्या अंतराने त्याच्या मागे जावयाचे. फार मागे राहिला तर ओझे, पुढे गेला तर उद्धटपणा. गायकाने श्वास घेतला की ती फट भरावयाची, पण आपली कलाकुसर मिरवावयाची नाही. ज्या स्वरावर गायक मींड घेतो तिथे आपल्या पेटीचा स्वर आडवा येईल, म्हणून भाता हलका करून मागे सरावयाचे. हे सरणे म्हणजेच विद्या! आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांना ज्यांनी भीमसेनांच्या किंवा वसंतरावांच्या मागे ऐकले, त्यांनी हे मागे सरणे ऐकले आहे. आप्पांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा वयाची सत्तरी उलटून गेली होती.

आपल्याकडे थोर वादक झाले नाहीत, म्हणून भाषा झाली नाही, असे म्हणावयाची सोय नाही. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी भास्करबुवा बखल्यांची साथ केली, एकट्याने पेटी वाजवून मैफली जिंकल्या. लोक त्यांना ओळखतात ते १९११ च्या 'मानापमाना'च्या चालींसाठी, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'तल्या हरिश्चंद्रासाठी. ज्या वाद्याने त्यांना संगीतात आणले, ते मात्र चरित्राच्या पहिल्या प्रकरणात राहते. पी. मधुकर (१९१६–१९६७), म्हणजे मधुकर पेडणेकर, यांच्या एकल पेटीच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या, आणि त्याच काळात रेडिओवर त्यांच्या वाद्याला बंदी होती. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) गोव्याच्या बोरीचे. त्यांना पद्मश्री मिळाली २०१६ साली, वयाच्या बहात्तराव्या की ब्याऐंशीव्या वर्षी, हे बोटांवर मोजून पाहा. ब्याऐंशी वर्षांस थोडे कमी. बेळगावात रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी पिढ्यान् पिढ्या पेटी शिकविली. मनोहर चिमोटे यांना तर या अवहेलनेचा इतका वीट आला असावा, की त्यांनी पेटीत स्वरमंडळ जोडले आणि तिचे नावच बदलून 'संवादिनी' ठेविले. अरविंद थत्ते गणितातले डॉक्टर. त्यांनी पेटीचा संसार मांडला. एवढी माणसे एका भाषेच्या प्रदेशात होऊन गेली वा आहेत. त्यांपैकी एकाच्या वादनातला दुसऱ्याहून फरक नेमका कशात, हे चार वाक्यांत लिहून दाखविणारा समीक्षक मला दाखवा. मी त्याच्या घरी माझ्या हातचा चिवडा पोहोचवीन.

पु. ल. पेटी वाजवीत, हे मात्र सगळ्यांना ठाऊक. पण तेही कसे? 'पुलं पेटीसुद्धा वाजवीत!' त्या 'सुद्धा'मध्ये पेटीची सगळी प्रतिष्ठा आली.

आणि तो दुसरा, स्वरांचा आक्षेप. त्यावरही आपल्या माणसांनी हात जोडून स्वस्थ बसणे पत्करले नाही. सांगलीचे कृ. ब. देवल यांनी गेल्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींचा अभ्यास केला. न्यायाधीश असलेल्या क्लेमंट्स साहेबांच्या साह्याने श्रुति-हार्मोनियमचा प्रयोग झाला. अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. आणि प्रयोगांचे सोडा. साधे कारागीर रोज काय करतात ते पाहा. वादकाने सांगितलेल्या षड्जाला धरून, तंबोरा लावून, ते एकेक रीड घासतात. टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. केसाएवढे पितळ निघते आणि गांधार जागेवर येतो. याला 'गांधार ट्यूनिंग' म्हणतात. मग ती पेटी त्या एका षड्जाचीच राहते, दुसऱ्या पट्टीत ती बेसूर होते. पण त्या षड्जावर तिचा गांधार तंबोऱ्यात साखरेसारखा विरघळतो. आमच्या मुलाची पेटी तशी लावलेली होती. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला काहीतरी गोड वाटत होते. ते काय, हे सांगणे समीक्षकाचे काम होते. त्याने ते 'गाण्या'च्या खाती जमा केले, आणि पेटी लावणाऱ्या कारागिराची मजुरी बुडविली.

मींड नाही, म्हणून आमच्या मुलाने काय केले, तेही सांगतो. त्याने दरबारी निवडला नाही. दरबारीचा तो झुलणारा कोमल गांधार पेटीला मागू नये, एवढी त्याला समज आहे. जोगमध्ये दोन गांधार. चढताना शुद्ध, उतरताना कोमल. ते दोन गांधार गळ्यातून काढताना गायकाला तारेवरची कसरत करावी लागते. पेटीवर ते दोन वेगळ्या पट्ट्यांवर स्वच्छ, एकमेकांकडे पाहत उभे असतात. त्याने त्या दोघांमधली जागा मोकळी ठेवून, भात्याचा दाब कमी करून, पहिला विझता विझता दुसरा लावला. घसरण नव्हतीच, होती ती फक्त फट, आणि त्या फटीत ऐकणाऱ्याचा कान आपोआप वाकला. कलावतीत त्याने मंद्रातून तारेत अशा उड्या घेतल्या, की कुठल्याही गायकाने त्या घेऊ नयेत. नाट्यपदात दोन ओळींमधली पेटीची जागा त्याने पेटीसारखीच वाजविली: ठसक्यात, तोडून, टाळी मागून. हे सगळे पेटीचे होते. गळ्याचे त्यात काही नव्हते. आणि परीक्षणात नेमके हेच नव्हते.

वेगाबद्दल तर काय बोलावे! बोटे दिसेनाशी झाली म्हणे. वेगच मोजावयाचा असेल, तर साहेबांनी चाकणला यावे. तिथे मोटारीच्या सांगाड्याला डाग देणारे यंत्रमानव आहेत. त्यांचे हात याहून वेगाने फिरतात, दमत नाहीत, आणि मानधनही मागत नाहीत. ज्या मुलाने आठ तास तसल्या यंत्राशेजारी उभे राहून काढले, त्याला संध्याकाळी 'तू यंत्रासारखा वेगवान आहेस' असे म्हणणे म्हणजे कौतुकाचा कळसच झाला! त्या दिवशीच्या वादनातला सर्वांत अवघड भाग सर्वांत संथ होता. एका लांब निषादावर त्याने भाता इतका सावकाश सोडला, की स्वर संपला कधी आणि तंबोरा उरला कधी, ते कळले नाही. पण संथपणा स्तंभात मावत नाही.

राहता राहिली ती 'यंत्रनगरी'. मुठेकाठच्या रसिकांना हॅरिस पूल ओलांडला, की सगळा मुलूख भोंग्यांचा आणि धुराचा वाटतो. मग इकडे एखादी मैफल रंगली, की त्यांना वाळवंटात झरा सापडल्याचा आनंद होतो. पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना आला १९५४ साली. त्याच्या कितीतरी शतके आधी चिंचवडला मोरया गोसावी होऊन गेले. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. आकुर्डीला तुकोबांची पालखी मुक्काम करते. इथे कारखाने आले ते भजनाच्या गावांत आले. भजन कारखान्याच्या वसाहतीत मागाहून आलेले नाही. साताऱ्याहून, सोलापूरहून, मराठवाड्यातून माणसे पोटासाठी आली, तीही पत्र्याच्या ट्रंकेबरोबर टाळ घेऊन. कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांत पेटीवर बसलेला माणूस दिवसा फिटर असतो, टर्नर असतो, आता कुठे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा चालक असतो. आचार्य अत्रे रंगमंदिर असो की रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, तिथे बसलेल्या श्रोत्यांत निम्मी माणसे कधी ना कधी पेटीच्या भात्याला हात लावून आलेली असतात. असा श्रोता पुण्यात तरी किती? मळा इथे आधीच होता. पाहुण्यांना तो दिसला एवढेच.

आता कुणी विचारील, एका शब्दावरून एवढा कांगावा कशासाठी? 'गात होती' म्हटले तर कुणाचे काय गेले?

काय गेले ते सांगतो. ते परीक्षण छापून आल्यावर मुलाला तीन बोलावणी आली. तिन्ही साथीची. एका आयोजकाकडे मी स्वतः गेलो, म्हटले, याचे एकल वादन ठेवा. ते सज्जन म्हणाले, "ठेवू की. पण मग गाणार कोण?" मी म्हटले, कोणी नाही, पेटीच. ते हसले. म्हणाले, "अहो, पेटी गाते असे छापून आले आहे खरे, पण मग गाणाराच का आणू नये?" त्यांचे काय चुकले? जी वस्तू दुसऱ्या वस्तूसारखी आहे म्हणून वाखाणली जाते, तिच्याऐवजी माणूस मूळ वस्तूच आणणार! नकली मोत्याचे, 'अगदी खऱ्यासारखे' एवढेच कौतुक होऊ शकते. आणि ऐपत असलेला माणूस सराफाकडे जातो. शब्दाने एवढे होते. त्यावर बिदागी ठरते, पत्रिकेवरच्या नावाचा टाइप ठरतो, आणि शिकणाऱ्या पोराने काय गिरवावे हेही ठरते. कारण पोर ते कात्रण वाचते. गळ्याची नक्कल जमली की शाबासकी, हे त्याला कळते, आणि मग जे पेटीचे स्वतःचे आहे ते तो हळूहळू सोडून देतो. बंदीने जे एकतीस वर्षांत साधले नाही, ते अशी स्तुती दहा वर्षांत साधील.

मी समीक्षकांचा वैरी नाही. समीक्षक नको, असे म्हणणारा कलावंत खोटे बोलतो. पण दाद देणाऱ्याने आधी ऐकावयास हवे. माझे मागणे फार नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत, एक वर्षभर, पेटीबद्दल लिहिताना 'गायकी', 'गळा', 'गाते' आणि 'समर्पक' हे चार शब्द माळ्यावर टाकावेत. पडद्याआड जाऊन वादकाला विचारावे, की बाबा, पेटी कोणाकडे लावलीस, षड्ज कुठला, हाच राग का घेतलास? भाता कोणत्या हाताने, कसा चालतो ते पाहावे. साथ ऐकताना एकदा तरी गायकावरचा कान काढून पेटीवर ठेवावा, आणि तो माणूस कुठे थांबला ते टिपून घ्यावे. मग खुशाल निंदा करावी! 'अमक्या ठिकाणी भाता तुटला, तमक्या ठिकाणी बोटे नुसतीच धावली', असे कुणी नेमके लिहिले, तर तो मुलगा ते कात्रण घडी करून खिशात ठेवणार नाही, भिंतीवर लावील. पेटीला पेटी म्हणून मिळालेली ती पहिली पावती असेल.

भाऊबीज झाली, की आमच्या आळीत काकड्याचे भजन चालूच असते. पेटीवर तोच मुलगा बसतो, रात्रपाळी नसली तर. पहाटे थंडी असते, रीड आखडलेल्या असतात, पहिले दोन-चार स्वर खरखरतात. समीक्षक महाशयांनी एखाद्या पहाटे जरूर यावे. चहा मी करीन. आणि ते जाताना मी एकच विचारीन: पेटी कशी वाजली?